रेफकाउंट मिळाला म्हणजे सॉकेट तुमचंच, असं नव्हे

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेटवे बनवणाऱ्या एका टीमचा प्रश्न थोडक्यात असा. यूडीपी टनेलसाठी त्यांचं स्वतःचं लिनक्स कर्नल मॉड्यूल आहे आणि त्यात सेशनचं हॅश टेबल आहे: ओळखीवरून बकेट, म्हणजे कप्पा, ठरतो आणि प्रत्येक बकेटमध्ये सेशनची एक साखळी असते. सेशनची मेमरी स्लॅब-टाइपसेफ-बाय-आरसीयू हा फ्लॅग लावलेल्या कॅशमधून (एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी राखलेल्या साठ्यातून), केमेम-कॅश-झेडअलोक वापरून घेतात. साखळी साधी एचलिस्ट आहे, म्हणजे शेवटी नल असलेली. लुकअप आरसीयू रीड लॉकखाली चालतो (आरसीयूत वाचक कुणाला अडवत नाहीत, काढलेली मेमरी सोडणारा जुने वाचक बाहेर पडेपर्यंत थांबतो, आणि तो थांबण्याचा काळ म्हणजे ग्रेस पीरियड): सेशनची ओळख जुळली की रेफकाउंट-इन्क-नॉट-झिरो, म्हणजे ऑब्जेक्ट किती जण धरून आहेत तो आकडा शून्य नसेल तरच एकाने वाढवायचा, मग ओळख पुन्हा एकदा तपासायची आणि सेशन परत द्यायचं. एक्स८६ सर्व्हरवर तीन आठवडे काही झालं नाही. चार कोअरच्या आर्म६४ बोर्डवर मात्र दोन-तीन दिवसांतून एकदा पॅकेट भलत्याच सेशनला जातं आणि कधी कधी जिवंत सेशन सापडतच नाही. विचारलंय ते असं: रीड लॉक धरलेला असताना ऑब्जेक्ट बदलतंच कसं, आणि बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम राखणारी सूचना, नेमका कुठे घालायचा?

तुमच्या कोडमध्ये चुका तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या. बॅरियर हवा तो एकीलाच. बाकीच्या दोन बॅरियर घालून सुटणार नाहीत, म्हणून आधी मुळाशी जाऊ.

टाइपसेफ म्हणजे काय वाचतं आणि काय वाचत नाही

या फ्लॅगचं जुनं नाव स्लॅब-डिस्ट्रॉय-बाय-आरसीयू होतं. ते इतकं फसवं होतं की २०१७ साली कर्नल ४.१२ मध्ये बदलावं लागलं. लोकांना वाटायचं, ऑब्जेक्ट फ्री केलं तरी ग्रेस पीरियड संपेपर्यंत ते तसंच राहतं. तसं नाही. ग्रेस पीरियड लागू होतो तो ऑब्जेक्टला नव्हे, ज्या स्लॅब पेजवर ते बसलंय त्या पेजला. पेज बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाचं होणार नाही, एवढीच हमी. ऑब्जेक्ट मात्र फ्री झाल्याच्या पुढच्याच क्षणी त्याच कॅशमधून पुन्हा दिलं जाऊ शकतं, तुमचा रीड लॉक चालू असतानाच.

देवळाच्या अग्रशाळेचा विचार करा. सात नंबरच्या खोलीत कुडाळहून आलेले कुळावी उतरलेत असं कुणी सांगितलं आणि तुम्ही जिना चढायला लागलात. जत्रेचे दिवस. तुम्ही वर पोचेपर्यंत ते कुळावी गेले, खोली झाडून झाली आणि कारवारची मंडळी आत आली. कमिटीने हमी दिलीय ती एवढीच की तुम्ही जिन्यावर असेपर्यंत सात नंबरची खोली पाडून तिथे गोठा बांधणार नाहीत. दार असेल, कडी असेल, दारावर नावाची पाटी असेल. आत कोण आहे याची हमी कुणीच दिलेली नाही.

आणि हे क्वचित घडणारंही नाही. स्लबची, म्हणजे कर्नलच्या मेमरी वाटप करणाऱ्या भागाची, प्रत्येक सीपीयूची फ्रीलिस्ट शेवटी आलेलं आधी देते. एखाद्या सीपीयूवर सेशन फ्री केलं आणि लगेच त्याच सीपीयूवर नवं मागितलं, तर बहुतेक वेळा तोच पत्ता परत मिळतो. हा दोष नाही, हा फ्लॅग वापरण्याचं कारणच ते आहे: मेमरी कॅशमध्ये गरम असते. टीसीपीची प्रस्थापित सॉकेट्स आजही याच तऱ्हेने चालतात, कारण कनेक्शनची ये-जा मोठी असेल तर प्रत्येक सॉकेटमागे कॉल-आरसीयू (ग्रेस पीरियडनंतरच फ्री करणारं फंक्शन) लावून मेमरी ग्रेस पीरियडभर अडकवून ठेवणं परवडत नाही.

ऑब्जेक्टकडे येणाऱ्या दोन वाटा

बॅरियरचा सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश घेतो.

नवं सेशन तयार करणारा धागा फील्ड्स भरतो आणि शेवटी आरसीयूच्या पद्धतीने साखळीत जोडतो. त्या जोडण्यात रिलीज ऑर्डरिंग असतं. साखळीतून नव्याने चालत येणाऱ्या वाचकाला पॉइंटर दिसला म्हणजे त्यामागची भरलेली फील्ड्सही दिसणारच. ही पहिली वाट, आणि ती नीट राखलेली आहे.

दुसरी वाट जुन्या वाचकाची. त्याच्या हातात पॉइंटर आधीपासूनच आहे, ऑब्जेक्टच्या मागच्या जन्मातला. नव्या जोडणीतून तो आलेलाच नाही, त्यामुळे जोडणीच्या वेळचं रिलीज ऑर्डरिंग त्याच्या काही उपयोगाचं नाही. त्याच्या आणि नव्या मालकाच्या मध्ये गाठ पडते ती एकाच जागी, रेफकाउंटवर. म्हणून ऑर्डरिंगही तिथेच लावावं लागतं, दोन्ही बाजूंनी.

लिहिणाऱ्याची बाजू: ओळख आणि बाकी सगळी फील्ड्स आधी, रेफकाउंट शून्यावरून एकवर नेणं सगळ्यात शेवटी, आणि मध्ये राइट बॅरियर. कर्नलच्या स्वतःच्या सॉकेटच्या कोडमध्ये हे सरळ दिसतं. सॉक-इनिट-डेटा हे फंक्शन शेवटाकडे एसएमपी-डब्ल्यूएमबी करतं आणि मग रेफकाउंट १ लावतं. लिसनरपासून, म्हणजे नव्या कनेक्शनची वाट पाहणाऱ्या सॉकेटपासून, नवं सॉकेट क्लोन करणारं एसके-क्लोन-लॉकही तेच करतं, फक्त तिथे रेफकाउंट २ लागतो. दोन्हीकडे बॅरियरच्या वर कॉमेंट आहे आणि ती आरसीयूच्या नल्स साखळ्यांवरच्या (त्या काय ते पुढे येईल) दस्तऐवजाकडे बोट दाखवते. क्लोन करतानाची एक बारकाई पाहा. आईबापाच्या सॉकेटवरून नुसती मेमरी कॉपी केली तर त्याचा शून्य नसलेला रेफकाउंटही उतरेल, आणि अर्धवट भरलेलं सॉकेट जुन्या वाचकाला जिवंत वाटेल. म्हणून सॉक-कॉमन स्ट्रक्चरमध्ये ‘डोन्टकॉपी-बिगिन’ ते ‘डोन्टकॉपी-एंड’ असा पट्टा आखलेला आहे. साखळीचा नोड आणि रेफकाउंट दोन्ही त्या पट्ट्यात बसतात.

वाचणाऱ्याची बाजू: रेफकाउंट यशस्वीपणे वाढवल्यावर ओळख पुन्हा वाचायची. हे वाचन खरोखर वाढवण्याच्या नंतरच व्हायला हवं. तुमचं नेमकं इथे फसलंय. कोडच्या ओळी बरोबर क्रमाने आहेत, सीपीयूवर तो क्रम टिकत नाही.

रेफकाउंट-इन्क-नॉट-झिरो फुल बॅरियर नाही. त्याच्या कॉमेंटमध्येच लिहिलंय की ते मेमरी ऑर्डरिंग देत नाही, फक्त कंट्रोल डिपेन्डन्सी (पुढचं काम आधीच्या तपासणीच्या निकालावर अवलंबून असणं) देतं आणि त्यामुळे पुढचे स्टोअर बांधले जातात. पुढचे लोड बांधले जात नाहीत. ‘शून्य नव्हतं तरच पुढे जा’ या फांदीचा अंदाज आर्मचा सीपीयू आधीच बांधतो आणि फांदीपलीकडचा लोड उचलून ठेवतो. घडतं ते असं:

सीपीयू २ (वाचक): साखळीत ऑब्जेक्ट दिसलं, ओळख ‘अ’ जुळली.
सीपीयू २: दुसऱ्या तपासणीचा लोड अंदाजाने आत्ताच उचलला, किंमत ‘अ’.
सीपीयू १: सेशन ‘अ’ साखळीतून काढलं, रेफकाउंट ० झाला, फ्री केलं.
सीपीयू १: नवं सेशन मागितलं, तोच पत्ता मिळाला. ओळख ‘ब’ लिहिली, राइट बॅरियर, रेफकाउंट १.
सीपीयू २: रेफकाउंट १ दिसला, २ केला, यशस्वी.
सीपीयू २: दुसरी तपासणी, मघाशी उचललेली ‘अ’ वापरून. जुळली!

‘अ’चं पॅकेट ‘ब’च्या गळ्यात. दुसरी तपासणी झाली खरी, पण ती जुन्या पाटीची. ओळख आणि रेफकाउंट एकाच कॅश लाइनवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. वेगवेगळ्या पत्त्यांवरच्या दोन लोडचा क्रम आर्म आर्किटेक्चर त्या कारणाने राखून देत नाही. शिवाय ओळखीची फील्ड्स साध्या वाचनाने वाचली असतील तर पहिली आणि दुसरी तपासणी मिळून एकच वाचन करायला कंपाइलरही मोकळा आहे. रीड-वन्स लावल्याने कंपाइलर आवरतो, सीपीयू आवरत नाही.

एक्स८६ वर हे का दिसलं नाही? तिथे रेफकाउंट वाढवणारं कंपेअर-एक्सचेंज लॉक प्रीफिक्ससह येतं आणि तसंही फुल बॅरियरच असतं. वर लोडमागे लोड हा क्रम ते हार्डवेअर मुळातच राखतं. म्हणून एक्स८६ वरचे तीन आठवडे या प्रश्नापुरते मोजूच नका. तीन वर्षं चालवलं असतं तरी तेच दिसलं असतं.

दुरुस्ती एका ओळीची. रेफकाउंट-इन्क-नॉट-झिरो यशस्वी झालं की लगेच, दुसऱ्या तपासणीच्या आधी, एसएमपी-अक्वायर-आफ्टर-कंट्रोल-डिपेन्डन्सी. आर्म६४ वर तो रीड बॅरियर होतो, एक्स८६ वर फक्त कंपाइलरचा बॅरियर, म्हणजे फुकट. अपयशाच्या वाटेवर त्याची गरज नाही. कर्नल ६.१५ किंवा पुढचा असेल तर याच कामासाठी रेफकाउंट-इन्क-नॉट-झिरो-अक्वायर आणि रेफकाउंट-सेट-रिलीज अशी जोडी तयार मिळते. ती वापरा. हेतू नावातच दिसतो आणि सहा महिन्यांनी कुणी ‘हा बॅरियर कशाला’ म्हणून काढून टाकत नाही.

हीच चूक मुख्य कर्नलमध्येही झालेली आहे. कनेक्शन ट्रॅकिंगचं, म्हणजे चालू कनेक्शनांची नोंद ठेवणाऱ्या भागाचं, ऑब्जेक्ट याच फ्लॅगच्या कॅशमधून येतं. तिथला काउंटर अ‍ॅटॉमिक-टी वरून रेफकाउंट-टी वर नेला तेव्हा अ‍ॅटॉमिक-इन्क-नॉट-झिरो बरोबर येणारा फुल बॅरियर गुपचूप गळाला. कुणीतरी बॅरियर काढला असं डिफमध्ये दिसतच नाही, कारण बॅरियर म्हणून ओळ कधी लिहिलेलीच नव्हती! २०२२ मध्ये आर्मवर क्रॅश आले. टेबल भरल्यावर जुनी कनेक्शनं पाडणारा कोड एका ऑब्जेक्टचा रेफकाउंट घेई, पण ‘कन्फर्म्ड’ बिट मात्र मागच्या जन्मातला वाचे. बिट लागलेला म्हणजे ऑब्जेक्ट टेबलात आहे असं समजून तो ते साखळीतून काढायला जाई, आणि ऑब्जेक्ट तर अजून कुठल्याच साखळीत नसे. दुरुस्तीत वर सांगितलेलाच अक्वायर घातला गेला. यातून घ्यायचं ते हे: दुसऱ्यांदा वाचायची ती फक्त ओळख नव्हे. स्टेट, फ्लॅग, कॉलबॅकचा पॉइंटर, ज्यावर तुम्ही निर्णय घेता ते सगळं रेफकाउंट आणि अक्वायर यांच्या नंतरच वाचायचं. आधी वाचून लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं काहीही पुढे वापरू नका.

साखळीचं शेपूट

तुमचं दुसरं लक्षण, जिवंत सेशन न सापडणं, बॅरियरने जाणार नाही.

वाचक ३७ नंबरच्या बकेटमधून चालला आहे आणि एका ऑब्जेक्टवर उभा आहे. ते फ्री झालं, नवं झालं आणि ९१२ नंबरच्या बकेटमध्ये जोडलं गेलं. वाचक त्याचा ‘पुढचा’ पॉइंटर वाचतो आणि त्याच्याही नकळत ९१२ च्या ओसरीवर पोचतो. साखळी संपते, हवं ते सापडलेलं नसतं, आणि तो परत येऊन सांगतो की सेशन नाही. ते बिचारं ३७ मध्ये पुढे बसलेलं होतं. टीसीपीत असं झालं तर पॅकेट लिसनरकडे जाईल, तिथेही कुणी नसेल तर रीसेट जाईल, आणि ग्राहक सांगेल की कनेक्शन अधूनमधून आपोआप तुटतं. लॉगमध्ये ओळही नसेल.

यावरचा उपाय एरिक ड्युमाझे यांनी २००८ च्या अखेरीस यूडीपी आणि टीसीपीचा लुकअप आरसीयूवर नेताना आणला: एचलिस्ट-नल्स. साखळीच्या शेवटी नल पॉइंटर ठेवायचा नाही, एक खूण ठेवायची. सगळ्यात खालचा बिट १, आणि त्याच्या वर बकेटचा नंबर. खऱ्या ऑब्जेक्टचा पत्ता सम असतो, त्यामुळे खूण आणि पॉइंटर यांची गल्लत होत नाही. शेवटाला पोचल्यावर खुणेतला नंबर काढायचा. आपण निघालो त्याच बकेटचा असेल तर ‘नाही’ हे उत्तर खरं. वेगळा असेल तर पहिल्यापासून सुरुवात. अग्रशाळेच्या प्रत्येक ओसरीच्या टोकाला ओसरीचा नंबर रंगवून ठेवावा, तसं.

ऑब्जेक्ट त्याच बकेटमध्ये परत आलं तर? खूण जुळेल आणि बदल कळणार नाही. म्हणून नवीन ऑब्जेक्ट साखळीच्या डोक्याला जोडायचं. मग वाचक फार तर पुन्हा डोक्यापासून चालेल आणि काही नोड दोनदा बघेल, चुकवणार काही नाही. शेपटाला जोडलंत तर मधले नोड गाळून तो सरळ शेवटाला पोचेल, आणि खूणही बरोबर निघेल! तुमचं मॉड्यूल ‘जुनं सेशन आधी सापडावं’ म्हणून शेपटाला जोडत असेल, तर तो हट्ट सोडा.

एकच ऑब्जेक्ट ज्या ज्या साखळ्यांत जाऊ शकतं त्या सगळ्या नल्स पद्धतीच्या हव्यात. हा नियम मोडला की काय होतं ते टीसीपीतच दिसलं. २०१६ मध्ये, ४.७ च्या वेळी, लिसनर सॉकेट्स साध्या एचलिस्टवर नेली गेली. पण ऑब्जेक्ट तेच, कॅश तीच. आत्ता प्रस्थापित असलेलं सॉकेट बंद होतं, तोच पत्ता नव्या सॉकेटला मिळतो, ते लिसन करतं, आणि मध्ये ग्रेस पीरियड कुठेच नाही. प्रस्थापित टेबलातला वाचक त्यावर उभा असेल तर तो लिसनरच्या साखळीत शिरतो, आणि तिचा शेवट असतो साधा नल. नलचा खालचा बिट शून्य, म्हणजे वाचकाच्या मते हा खरा पॉइंटर. पुढे क्रॅश. २०१९ च्या डिसेंबरात लिसनरच्या साखळ्या पुन्हा नल्सवर आणल्या गेल्या. त्यांच्या खुणांचे नंबर वेगळ्या मोठ्या आकड्यापासून सुरू होतात, म्हणजे प्रस्थापित टेबलाच्या बकेटशी गाठ पडत नाही. तुमच्याकडे ‘चालू’ आणि ‘संपत आलेली’ अशी दोन टेबलं असतील तर हेच करा: दोन्ही नल्स, नंबर परस्परांत न मिसळणारे.

झेडअलोक

आता तिसरी चूक. झेडअलोक नवं ऑब्जेक्ट देताना सगळं शून्य करून देतं, ‘पुढचा’ पॉइंटरसुद्धा. त्यावर जुना वाचक उभा असू शकतो हे आता वेगळं सांगायला नको. आज तुमच्या साध्या साखळीत त्याला शून्य दिसतं, साखळी संपली असं वाटतं, आणि ‘सेशन सापडत नाही’ या लक्षणात आणखी भर पडते. उद्या नल्सवर गेलात आणि झेडअलोक तसंच ठेवलंत तर तेच शून्य त्याला खरा पॉइंटर वाटेल आणि बोर्ड ऊप्स देईल, म्हणजे कर्नल कोसळेल. म्हणून दोन्ही बदल एकाच पॅचमध्ये करा. अर्धं काम केलंत तर आधीपेक्षा वाईट.

सॉकेटचा कोड मेमरी मागताना शून्य करण्याचा फ्लॅग मुद्दाम काढून टाकतो आणि मग एसके-प्रॉट-क्लिअर-नल्स या फंक्शनने नोडचा ‘पुढचा’ पॉइंटर वगळून बाकीचं शून्य करतो. तुम्हीही तसंच करा. सोपं पडावं म्हणून नोड आणि रेफकाउंट स्ट्रक्चरच्या तोंडाशी ठेवा आणि मेमसेट त्यांच्या पुढून सुरू करा. साखळीतून काढतानाही ‘पुढचा’ पॉइंटर शाबूत ठेवणारं, आरसीयूचं डिलीटच वापरा.

ऑब्जेक्टच्या आत स्पिनलॉक असेल तर दोन रस्ते आहेत. वाचक रेफकाउंट न घेता थेट लॉक घेणार असेल, तर लॉक कॅशच्या कन्स्ट्रक्टरमध्येच तयार करायचा. कन्स्ट्रक्टर चालतो तो स्लॅब पेज नवं आल्यावर एकदा, प्रत्येक वाटपाला नाही, त्यामुळे कुणी धरलेला लॉक पुसला जात नाही. सॉकेटमध्ये मात्र लॉक प्रत्येक नव्या सॉकेटला पुन्हा तयार होतो. म्हणून तिथला क्रम ठरलेला: आधी रेफकाउंट, मग तपासणी, लॉक त्यानंतर. तुमचा कोड सॉकेटच्या वळणाचा आहे, तोच क्रम ठेवा.

परत करताना

दुसरी तपासणी फसली तर रेफकाउंट सोडून पहिल्यापासून सुरू करायचं. पण हे सोडणं साधं नाही. तुम्ही क्षणभर का होईना परक्याचं सेशन धरलं होतं. नेमक्या त्याच क्षणात त्याच्या मालकाने ते बंद केलं असेल, तर शेवटचा रेफकाउंट तुमच्या हातून सुटतो आणि त्याचं विसर्जनही तुमच्याच हातून होतं, सॉफ्टइंटरप्टमध्ये, जिथे झोपायला, म्हणजे थांबून वाट पाहायला, मनाई असते. म्हणून डिस्ट्रक्टरमध्ये झोप घेणारं काहीही नको: म्युटेक्स नको, जीएफपी-कर्नल (झोपू शकणारी मेमरीची मागणी) नको. असं काही असेल तर ते वर्कक्यूकडे ढकला.

टेबलात एकापेक्षा जास्त प्रकारची ऑब्जेक्ट असतील तर आणखी एक पथ्य. टीसीपीच्या प्रस्थापित टेबलात पूर्ण सॉकेट, टाइम-वेट (नुकत्याच बंद झालेल्या कनेक्शनचं) आणि रिक्वेस्ट (अजून जुळत असलेल्या कनेक्शनचं) सॉकेट अशी तीन जातींची ऑब्जेक्ट एकाच साखळीत बसतात. म्हणून सगळ्यांना सामाईक असलेल्या भागापलीकडचं फील्ड स्टेट पाहिल्याशिवाय वाचत नाहीत, आणि रेफकाउंट सोडतानाही जात ओळखणारं सॉक-जेन-पुट वापरतात.

हे सगळं हवंच आहे का?

माझ्या मते तुमच्या गेटवेला नको. टनेलचं सेशन मिनिटं किंवा तास टिकतं. सेकंदाला हजारोंनी सेशन जन्मत-मरत नसतील तर साधी कॅश घ्या आणि फ्री करताना केफ्री-आरसीयू किंवा कॉल-आरसीयू लावा. मग रीड लॉकखाली ऑब्जेक्टची ओळख बदलतच नाही. दुसरी तपासणी नको, नल्स नको, अक्वायरचीही गरज उरत नाही. ऑब्जेक्ट लॉकबाहेर न्यायचं असेल तेव्हाच रेफकाउंट घ्यायचा. यूडीपी सॉकेट्सनी २०१६ मध्ये हाच रस्ता धरला, सॉक-आरसीयू-फ्री हा फ्लॅग लावून, आणि त्यामुळे प्रत्येक पॅकेटमागे रेफकाउंट वर-खाली करण्याचा खर्चही गेला. मात्र हा फ्लॅग सॉकेट टेबलात जाण्याआधी लागलेला हवा. आधी जोडलं आणि मग फ्लॅग लावला तर मधल्या फटीत एखादा वाचक सापडतो. मुख्य कर्नलमध्ये या एकाच फटीच्या दुरुस्त्या २०२३ आणि २०२४ अशा दोनदा कराव्या लागल्या.

बोर्डवर तपासताना

आधी लिटमस टेस्ट, म्हणजे चार ओळींच्या धाग्यांचे सगळे शक्य क्रम तपासणारी चाचणी, कारण ती पाच मिनिटांचं काम आहे. कर्नलच्या टूल्सखालच्या मेमरी-मॉडेल फोल्डरमध्ये लिनक्स-कर्नल कॉन्फिग देऊन हर्ड७ हे साधन चालवायचं. एक धागा: ओळख २, राइट बॅरियर, काउंट १. दुसरा धागा: काउंटवर रिलॅक्स्ड कंपेअर-एक्सचेंज, १ चे २. यशस्वी झालं तर ओळख वाचा. ‘यशस्वी आणि ओळख जुनी’ शक्य आहे का, हा प्रश्न. असंच चालवलंत तर उत्तर ‘समटाइम्स’ येतं. यशानंतर एसएमपी-आरएमबी घातलात की ‘नेव्हर’. वाद असेल तर तो इथेच मिटतो.

केसीसॅनचं (कर्नलमधल्या डेटा रेस शोधणाऱ्या साधनाचं) वीक-मेमरी मॉडेल ५.१७ पासून आहे, पण आपल्या कामाला ते अपुरं. चालू असलेल्या कोडमधलं वाचन उशिरा झालं तर काय, हे ते पाहतं. लोड आधीच उचलला गेला तर काय, याचं सोंग त्याला वठवता येत नाही, आणि आपली चूक नेमकी त्या जातीची आहे.

घटना लवकर घडवायची असेल तर पहिली तपासणी आणि रेफकाउंट यांच्या मध्ये, फक्त डीबग बिल्डमध्ये, ५० मायक्रोसेकंदांचा विलंब घाला. सेशन बनवणारा आणि मोडणारा धागा एकाच कोअरवर बांधा, म्हणजे फ्रीलिस्ट तोच पत्ता परत देईल. वाचक उरलेल्या तीन कोअरवर. याने नल्सची आणि झेडअलोकची चूक मिनिटांत दिसते. अक्वायरची चूक या विलंबाने नक्की दिसेलच असं नाही. त्यासाठी मुद्दाम ओळख रेफकाउंटच्या आधी लोकल व्हेरिएबलमध्ये वाचा आणि दुसरी तपासणी त्यावर करा. सीपीयू जे चोरून करतो ते तुम्ही उघडपणे करताय, आणि ‘भलत्या सेशनला पॅकेट’ हे लक्षण हुबेहूब तसंच आलं तर निदान पक्कं. मग हे एक्स८६ वरही दिसेल, बोर्डची वाट पाहायला नको.

केसॅन (फ्री झालेल्या मेमरीचा वापर पकडणारं साधन) चालवत असाल तर स्लब-आरसीयू-डीबग हा पर्याय ६.१२ पासून मिळतो. टाइपसेफ कॅशमधलं ऑब्जेक्ट ग्रेस पीरियडनंतरही कुणी वापरत असेल तर तो पकडतो, एरवी केसॅन या कॅशकडे दुर्लक्षच करतो. पण त्यासाठी तो प्रत्येक फ्री ग्रेस पीरियडपर्यंत लांबवतो. म्हणजे तो चालू असताना रीड लॉकखाली पुनर्वापर होतच नाही, आणि वरच्या तिन्ही चुका गायब होतात. विलंबाची चाचणी आणि हा पर्याय एकाच बिल्डमध्ये ठेवू नका.